नेपरव्हिल ते ऑस्विगो : घराआधी पार्सल नंबर

शिकागोच्या पश्चिमेला नेपरव्हिल, ऑरोरा, ऑस्विगो, प्लेनफील्ड असा सलग पट्टा आहे. एक गाव कुठं संपलं आणि दुसरं कुठं लागलं हे गाडीत बसून कळत नाही. दुकानं तीच, वसाहती त्याच, रूट ५९ वरची गर्दीही तीच. पण रस्त्याच्या अलीकडचं आणि पलीकडचं घर यांत वर्षाला काही हजार डॉलरचा फरक पडू शकतो. मुलांची शाळा बदलते, नळाचं पाणी दुसरीकडून येतं, विजेचं बिलही दुसऱ्याच संस्थेचं असतं. पत्त्यावरून यातलं काहीच कळत नाही. ऑरोरा हे एकच शहर केन, ड्यूपेज, केंडल आणि विल अशा चार काउंट्यांत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) पसरलेलं आहे. पत्त्यात नेपरव्हिल लिहिलेलं घर शाळेच्या बाबतीत डिस्ट्रिक्ट २०३ मध्ये असेल, २०४ मध्ये असेल, नाहीतर प्लेनफील्डच्या २०२ मध्येही असेल.

म्हणून घर शोधताना आम्ही एक शिस्त ठेवली. घर आवडलं की आधी त्याचा पार्सल नंबर काढायचा. आपल्याकडे जमिनीला गट नंबर असतो तसा इथं प्रत्येक प्लॉटला काउंटीनं दिलेला कायमचा नंबर असतो. तो काउंटीच्या ट्रेझररच्या साइटवर टाकला की मागच्या काही वर्षांची कराची बिलं दिसतात. बिलाच्या तपशिलात शाळा, पार्क, वाचनालय, अग्निशमन, टाउनशिप (काउंटीचा छोटा प्रशासकीय भाग) अशा कर लावणाऱ्या संस्थांची यादी असते आणि प्रत्येकीचा दर स्वतंत्र लिहिलेला असतो. घराच्या जाहिरातीतला कराचा आकडा वाचून पुढं जाऊ नये. त्या आकड्यामागं काय आहे ते या यादीतच कळतं.

हिशोब असा चालतो. कूक काउंटी सोडून बाकी इलिनॉयमध्ये घराचं करपात्र मूल्य बाजारभावाच्या एक तृतीयांश धरतात. त्यातून स्वतः राहणाऱ्या मालकाची सवलत वजा होते. कूकला लागून असलेल्या ड्यूपेज, विल, केनसारख्या काउंट्यांत ती ८,००० आहे आणि केंडलमध्ये ६,०००. उरलेल्या मूल्यावर सगळ्या संस्थांचा मिळून दर लागतो. समजा, ५ लाख डॉलरचं घर आहे. एक तृतीयांश म्हणजे साधारण १,६६,६६७. ड्यूपेजमध्ये सवलत जाऊन उरले १,५८,६६७ आणि एकूण दर ७ टक्के धरला, तर कर सुमारे ११,१०० डॉलर. तेवढ्याच किमतीच्या केंडलमधल्या घराला दर ९ टक्के धरला, तर १४,४६० डॉलर. म्हणजे महिन्याला २८० डॉलरचा फरक, आणि हे पैसे कर्जफेडीत जमा होत नाहीत. दर प्रत्येक पार्सलचा वेगळा असतो, म्हणून हे गणित दर वेळी त्या घराच्या बिलावरूनच मांडायचं. केंडलमधल्या ऑस्विगोला घर 'स्वस्त' मिळतं असं म्हणताना हा फरक जमेला धरायलाच हवा.

बिलावर आणखी तीन गोष्टी पाहायच्या. पहिली म्हणजे विकणाऱ्याच्या स्वतःच्या सवलती. मालक ६५ च्या पुढचे असतील आणि त्यांच्या घराचं करपात्र मूल्य गोठवलेलं असेल, तर बिल कमी दिसतं. सैन्यातून निवृत्त झालेल्या, ७० टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व ठरलेल्या मालकाचा कर तर शून्यही असू शकतो. या सवलती माणसाच्या असतात. घर विकलं की त्या जातात आणि पूर्ण बिल तुमच्या दारात येतं. दुसरी गोष्ट म्हणजे 'स्पेशल सर्व्हिस एरिया'. नवी वसाहत उभी राहताना रस्ते, गटारं, जलवाहिन्या यांसाठी रोखे काढले जातात आणि ते फेडण्याचा बोजा तिथल्या घरांच्या करबिलावर वर्षानुवर्षं राहतो. जवळच्या यॉर्कव्हिल गावातल्या काही वसाहतींत हे आहे. काही ठिकाणी ही तरतूद नुसती कागदावर असते, म्हणजे सोसायटीनं तळं किंवा मोकळी जागा सांभाळली नाही तरच गाव कर लावतं. आपलं घर कोणत्या प्रकारात आहे आणि रोखे कोणत्या वर्षी फिटणार आहेत, हे गावाच्या कार्यालयात विचारलं की कळतं. तिसरी गोष्ट नव्या घरांची. तिच्याकडे पुढं येतोच.

शाळेचं नाव विकणाऱ्याच्या जाहिरातीवरून मान्य करू नये. डिस्ट्रिक्टकडे पत्ता देऊन खात्री करायची. इंडियन प्रेअरी २०४ ची तीन हायस्कूलं आहेत: वॉबॉन्सी व्हॅली, न्यूक्वा व्हॅली आणि मेटिआ व्हॅली. न्यूक्वा नेपरव्हिलमध्ये आहे, बाकीची दोन ऑरोरात. त्यामुळे 'ऑरोरा नको, शाळा चांगली हवी' असं म्हणणाऱ्यांना मी आधी नकाशा उघडायला सांगते. ऑरोराच्या पूर्वेकडची बरीच घरं याच डिस्ट्रिक्टमध्ये येतात. उलट ऑस्विगोच्या ३०८ मध्येही ऑरोरा आणि माँटगोमेरीचे भाग आहेत. वाढत्या गावात डिस्ट्रिक्टची हद्द सहसा टिकून राहते, पण डिस्ट्रिक्टच्या आत कोणतं घर कोणत्या शाळेला जाणार हे बदलू शकतं. केंडल काउंटीची लोकसंख्या २००० साली ५४,५४४ होती. २०१० साली ती १,१४,७३६ झाली, म्हणजे दहा वर्षांत दुपटीहून जास्त. एवढ्या वाढीत नव्या शाळा बांधाव्या लागतात, त्यांचं कर्ज करबिलात उतरतं आणि वर्ग भरले की आतल्या हद्दी हलतात. एका विशिष्ट प्राथमिक शाळेसाठी जास्त पैसे मोजायचे असतील, तर हे आधी ध्यानात घ्या.

पाणी आणि वीज यांचा विषय लवकर उरकतो. नेपरव्हिलला मिशिगन तलावाचं पाणी येतं आणि वीज शहराच्या स्वतःच्या यंत्रणेची आहे. ऑरोरा फॉक्स नदी आणि विहिरींचं पाणी शुद्ध करून देतं. ऑस्विगोचं पाणी खोल विहिरींचं, म्हणून जड. तिथं घर बघताना वॉटर सॉफ्टनर (जड पाणी मऊ करणारं यंत्र) किती जुना आहे ते बघायचं आणि त्यात घालायच्या ४० पौंडी मिठाच्या पिशव्या बेसमेंटमध्ये नेण्याची तयारी ठेवायची. ऑस्विगो, माँटगोमेरी आणि यॉर्कव्हिल यांनी मिशिगन तलावाच्या पाण्याकडे वळायचं ठरवलं आहे. त्या कामाचा खर्च पाणीपट्टीतच येणार.

आता पैशांकडे. प्री-अप्रूव्हलसाठी, म्हणजे कर्जाच्या प्राथमिक मंजुरीसाठी, दोन वर्षांचे डब्ल्यू-२ (पगाराचं वार्षिक करपत्रक), अलीकडच्या महिन्याच्या पगारपावत्या आणि दोन महिन्यांची बँक स्टेटमेंटं लागतात. एच-वन व्हिसावर असाल तर आय-७९७ (मंजुरीचा कागद) आणि आय-९४ (देशात आल्याची नोंद) सुद्धा. नेहमीचं कन्व्हेन्शनल कर्ज एच-वनवर मिळतं. एफएचएचं, म्हणजे सरकारी विम्याचं कर्ज मात्र मे २०२५ पासून ग्रीन कार्ड नसलेल्यांना बंद झालं आहे. जुनी माहिती अजून फिरते आहे, तिच्यावर बेत आखू नका. २० टक्क्यांपेक्षा कमी डाउन पेमेंट असेल तर मॉर्टगेज इन्शुरन्स लागतो. कर्ज मूळ किमतीच्या ८० टक्क्यांवर आलं की तो काढून टाकायला लेखी सांगता येतं. ७८ टक्क्यांवर तो कायद्यानं आपोआप निघतो.

आपल्या लोकांचं घोडं बऱ्याचदा भारतातून येणाऱ्या पैशांवर अडतं. कर्ज देणारा शेवटच्या दोन महिन्यांतली प्रत्येक मोठी जमा कुठून आली ते विचारतो. आईबाबांनी मदत केली असेल, तर पैसे परत करायचे नाहीत असं लिहिलेलं गिफ्ट लेटर आणि त्यांच्या खात्यातून रक्कम निघाल्याचा पुरावा, दोन्ही लागतं. भारतातून एका व्यक्तीला आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवता येतात. १० लाख रुपयांच्या वरच्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस (आगाऊ कापलेला कर) वेगळा घेते. विवरणपत्र भरल्यावर तो हिशोबात परत मिळतो, पण तोवर तेवढे पैसे अडकून राहतात. त्यामुळे मार्चमध्ये अर्धे आणि एप्रिलमध्ये अर्धे असं दोन आर्थिक वर्षांत विभागणं पुष्कळ घरांना सोयीचं पडतं. परदेशी व्यक्तीकडून वर्षात एकूण १ लाख डॉलरपेक्षा जास्त भेट आली, तर इथं फॉर्म ३५२० भरायचा. त्यावर कर नाही, पण फॉर्म राहिला तर दंड मोठा आहे. पुण्यातला फ्लॅट विकून पैसे आणणार असाल, तर विक्रीच्या आधीच कमी टीडीएसचं प्रमाणपत्र काढा, नाहीतर घेणारा पूर्ण विक्री किमतीवर टीडीएस कापतो. हे पैसे एनआरओ खात्यात जातात आणि तिथून सीएच्या प्रमाणपत्रावर बाहेर काढता येतात. या सगळ्याला महिने लागतात. पैसे इथल्या खात्यात येऊन दोन स्टेटमेंटं उलटली की मगच घरं बघायला लागणं सगळ्यात सुखाचं.

१७ ऑगस्ट २०२४ पासून रिअल्टरबरोबर (घरांच्या एजंटबरोबर) घर पाहायला जाण्याआधी लेखी करार करावा लागतो आणि त्यात त्याचं कमिशन स्पष्ट लिहिलेलं असतं. विकणाऱ्यानं ते दिलं नाही तर उरलेलं तुम्ही देता. करार सहा महिन्यांसाठी न करता छोट्या मुदतीचा करता येतो. तसं मागावं.

ऑफर मान्य झाली की या भागातला सगळ्यात उपयोगी टप्पा सुरू होतो. इथल्या नेहमीच्या छापील करारात वकिलाच्या तपासणीला ५ कामाचे दिवस आणि इन्स्पेक्शनलाही तेवढेच, असे दोन्ही एकदमच धावतात. म्हणून वकील आणि इन्स्पेक्टर ऑफर द्यायच्या आधीच ठरवलेले हवेत. ऑफर मान्य झाल्यावर शोधायला लागलं, तर मुदत त्यातच संपते. वकिलाची फी एकरकमी असते आणि ती वाचवायच्या भानगडीत पडू नये. कराराची एक ओळ नीट वाचा: किरकोळ दुरुस्त्या आणि नेहमीची देखभाल हे इन्स्पेक्शनचं कारण होऊ शकत नाही. हीटिंग, कूलिंग, प्लंबिंग, वीज, छप्पर, भिंती, खिडक्या, पाया अशा मोठ्या गोष्टींबद्दलच मागणी करता येते, आणि वस्तू जुनी असली तरी तिचं काम ती करत असेल तर 'चालू' धरतात. १८ वर्षांचा फर्नेस चालतो आहे, म्हणून तो बदलून मागता येत नाही. त्याचं वय किंमत ठरवतानाच धरायचं असतं.

तपासणीत सर्वाधिक वेळ बेसमेंटला द्या. इथली माती चिकण, पाणी धरून ठेवणारी. १७ आणि १८ जुलै १९९६ ला ऑरोरात २४ तासांत १६.९१ इंच पाऊस पडला, तो आजही इलिनॉयचा विक्रम आहे. त्यामुळे इथं बेसमेंट कोरडं राहणं संप पंपावर अवलंबून असतं. जमिनीतल्या एका खड्ड्यात पायाभोवतीच्या जाळीदार नळ्यांमधून पाणी जमतं, पातळी वाढली की फ्लोट वर उचलला जातो आणि पंप पाणी बाहेर फेकतो. इन्स्पेक्टरला झाकण काढायला लावून खड्ड्यात बादलीनं पाणी ओतायला सांगा. पंप चालू व्हायला हवा, बंदही व्हायला हवा आणि थांबल्यावर पाइपातलं पाणी परत खड्ड्यात धो धो येऊ नये. येत असेल तर चेक व्हॉल्व्ह गेला आहे. बॅटरीचा बॅकअप आहे का, बॅटरीवर तारीख काय आहे, तेही बघा. मोठ्या वादळात पंप सर्वात जास्त लागतो तेव्हाच वीज जाते. पाणी बाहेर कुठं पडतं ते अंगणात जाऊन पाहा. घराला लागूनच पडत असेल तर तेच पाणी भिंतीतून परत आत येतं. नळी लांब आडवी टाकलेली असेल तर जानेवारीत ती गोठते आणि पंप नुसता घुरघुरत राहतो.

पायाच्या काँक्रीटमधली केसाएवढी उभी भेग नेहमीची असते आणि ती इपॉक्सी भरून बंद करता येते. आडवी भेग किंवा आत झुकलेली भिंत दिसली, तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवायचं. फिनिश्ड बेसमेंट बघून हरखून जाऊ नका. प्लास्टरबोर्डमागं पाया दिसत नाही. कार्पेटच्या कोपऱ्यात, वॉटर हीटरच्या पायापाशी आणि खिडकीच्या खालच्या कडेला पाण्याच्या रेषा शोधायच्या. बाहेर जमिनीचा उतार घरापासून लांब जायला हवा, पहिल्या १० फुटांत साधारण ६ इंच. डाउनस्पाउट (छपराचं पाणी खाली आणणारी नळी) नुसता पायाशी सुटलेला असेल, तर दुरुस्ती फार स्वस्त असते, पण अशी किती वर्षं पाणी मुरलं ते विचारायचं.

रेडॉनची, म्हणजे जमिनीतून घरात येणाऱ्या किरणोत्सारी वायूची, चाचणी पहिल्याच दिवशी लावा. ती किमान ४८ तासांची असते आणि त्याआधी १२ तास सगळी दारं-खिडक्या बंद ठेवावी लागतात, म्हणून शेवटी सुचलं तर वेळ पुरत नाही. इलिनॉयमध्ये विकणाऱ्यानं रेडॉनबद्दल माहिती द्यावी लागते, चाचणी करायची सक्ती मात्र त्याच्यावर नाही. ४ पिकोक्युरी प्रति लिटर किंवा त्याहून जास्त आलं, तर पंखा लावून वायू जमिनीखालून छपरावर नेणारी यंत्रणा बसवायची मागणी करता येते. ती राज्याचा परवाना असलेल्या माणसाकडूनच बसवायची. जून २०१३ नंतरच्या नव्या घरांत त्यासाठीचा पाइप बांधतानाच टाकलेला असतो, त्यात नंतर पंखा घालायचं सोपं जातं. तेवढ्यानं चाचणी टाळायची नाही.

थंडीत घर बघत असाल तर एसी चालवून बघता येत नाही, कारण बाहेर गारठा असताना तो चालवला की कॉम्प्रेसर बिघडू शकतो. अशा वेळी करारात त्याची वेगळी नोंद करून घ्यावी. आपल्यातले बरेच जण पूर्वाभिमुख घर शोधतात आणि त्याला जास्त किंमतही देतात. माझं मत विचाराल तर दिशा बघताना एक गोष्ट जरूर बघा: ड्राइव्हवे उत्तरेला असेल तर तिथं ऊन पोचत नाही आणि फेब्रुवारीपर्यंत बर्फाचा थर खरवडत बसावं लागतं.

विमा ठरवताना साध्या घरविम्यात संप पंप भरून वाहिल्याचं आणि गटाराचं पाणी उलटं आल्याचं नुकसान धरलेलं नसतं. 'वॉटर बॅकअप' ची जोड स्वतंत्र मागून घ्यावी लागते. तिची मर्यादा बेसमेंटच्या खर्चाएवढी ठेवा, उगाच ५ हजारांची घेऊ नका. नदी-ओढ्याच्या पुराचा विमा आणखी वेगळा असतो.

आता नवी घरं, म्हणजे ऑस्विगो, यॉर्कव्हिल, दक्षिण नेपरव्हिलच्या बांधकामांची गोष्ट. तिथं छापील करार बिल्डरचा असतो आणि वकिलानं सुचवलेले बदल तो सहसा घेत नाही. जाहिरातीतली किंमत फक्त मूळ साध्या घराची. त्यावर प्लॉटचा अधिभार आणि डिझाइन सेंटरमधली निवड चढत जाते. किचनचे दगड आणि फरशा नंतरही बदलता येतात. नंतर बदलता येत नाही किंवा फार महाग पडतं ते आधी घ्या: बेसमेंटची जास्तीची उंची, तिथल्या बाथरूमचे पाइप, गाडी चार्ज करण्याची लाइन, बेसमेंटमधल्या खोल्यांना मोठी खिडकी. भिंतींना बोर्ड लागण्याआधी स्वतःचा इन्स्पेक्टर आणून आतली वायर, पाइप आणि इन्सुलेशन तपासून घ्या, हा खर्च पूर्ण वसूल होतो. बिल्डरच्या बँकेकडून कमी व्याजाची सवलत मिळते, पण ती किती वर्षांची ते बघा. दोन वर्षांनी हप्ता वाढणारा प्रकार असेल, तर वाढलेल्या हप्त्यावरच स्वतःचा हिशोब करायचा.

कराचं तिसरं प्रकरण इथं येतं. इलिनॉयमध्ये कर मागच्या वर्षाचा पुढच्या वर्षी भरतात, या काउंट्यांत जून आणि सप्टेंबरच्या सुरुवातीला अर्धा अर्धा. नव्या घराचं पहिलं बिल बहुतेक वेळा मोकळ्या प्लॉटचं किंवा अर्धवट बांधकामाचं असतं, काही शे डॉलरचं. बँक त्यावरून एस्क्रोचा (कर आणि विम्यासाठी ती दर महिन्याला जमा करते त्या रकमेचा) हप्ता ठरवते आणि पुढच्या वर्षी पूर्ण बिल आलं की एकदम हजारो डॉलरची तूट निघते. ती तूट भरायला आणि पुढच्या वर्षाची तरतूद करायला हप्ता वाढतो. त्यावर उपाय एकच: शेजारच्या, तयार होऊन दोन वर्षं झालेल्या तशाच घराचं बिल ट्रेझररकडे बघून पूर्ण कर काढायचा आणि फरकाची रक्कम दर महिन्याला बाजूला टाकत राहायचं.

जुनं घर घेताना हाच मागचा कर क्लोजिंगला, म्हणजे सह्या होऊन घर नावावर होतं तेव्हा, आपल्या बाजूनं येतो. विकणारा त्याच्या काळातला, अजून न आलेला कर तुम्हाला क्रेडिट म्हणून देतो, शेवटच्या बिलाच्या १०५ टक्क्यांच्या आसपास. ज्येष्ठांच्या सवलतीमुळे ते बिल कमी असेल, तर क्रेडिटही कमीच पडतं. वकिलाला आधीच सांगून ते सवलत काढून मोजायला लावावं. नेपरव्हिलमध्ये घराच्या हस्तांतराचा शहरी कर घेणाऱ्यानं द्यायचा असतो, १,००० डॉलरला ३ डॉलर, म्हणजे ५ लाखांच्या घराला १,५००. ऑरोरात तो विकणाऱ्याकडून घेतात. विकणारा प्लॅट ऑफ सर्व्हे (प्लॉटच्या हद्दींचा मोजणी नकाशा) देतो तो नीट पाहा. नव्या वसाहतींत मागच्या अंगणातून पाणी वाहून नेण्याची राखीव पट्टी गेलेली असते आणि तिच्यावर कुंपण किंवा शेड बांधता येत नाही.

खात्यांतले पैसे पाठवताना टायटल कंपनीच्या (मालकी तपासून व्यवहार पुरा करणाऱ्या कंपनीच्या) वायर सूचना, म्हणजे बँकेतून थेट पैसे पाठवण्याच्या सूचना, ईमेलनं आल्या तरी आधी मिळालेल्या क्रमांकावर स्वतः फोन करून खाते क्रमांक पडताळा. ५० हजार डॉलर किंवा त्याहून जास्त रक्कम इथं वायरनेच द्यावी लागते आणि चुकीच्या खात्यात गेलेले पैसे परत मिळणं फार अवघड. नवराबायको दोघांच्या नावावर घर घेत असाल तर 'टेनन्सी बाय द एन्टायरिटी' लिहायला सांगा, म्हणजे एकाच्या कर्जापायी राहतं घर सहसा जात नाही. जोडीदार त्या दिवशी भारतात असेल, तर पॉवर ऑफ अॅटर्नी बँकेनं आधी मान्य केलेल्या मसुद्यावरच हवी आणि नोटरीची तारीख लवकर ठरवावी लागते.

क्लोजिंग डिस्क्लोजर (कर्ज आणि खर्चाचा अंतिम तक्ता) सहीच्या तीन कामाच्या दिवस आधी हातात येतं. ते आधीच्या लोन एस्टिमेटशेजारी (सुरुवातीच्या अंदाजाशेजारी) ठेवून एकेक ओळ ताडून बघा. घराचा ताबा मिळाल्यावर मालक म्हणून स्वतः राहण्याच्या सवलतीचा अर्ज टाउनशिप असेसरकडे (घरांचं मूल्य ठरवणाऱ्या अधिकाऱ्याकडे) करा. विकणाऱ्याची सवलत तुमच्या नावावर आपोआप चढेल असं गृहीत धरू नका. नव्या घराच्या वॉरंटीत बांधकामाचे दोष बहुधा पहिल्या वर्षापुरते असतात, म्हणून अकराव्या महिन्यात पुन्हा इन्स्पेक्टर बोलावून भिंतीतून वर आलेले खिळे, दारांच्या फटी, बेसमेंटमधल्या ओल्या रेषा सगळं लेखी कळवा. मूल्यांकनाची नोटीस आली आणि आकडा जास्त वाटला, तर मूल्यांकनं प्रसिद्ध झाल्यापासून ३० दिवसांत काउंटीच्या बोर्ड ऑफ रिव्ह्यूकडे अपील करता येतं. त्यासाठी आजूबाजूच्या तशाच घरांच्या विक्रीचे किंवा मूल्यांकनाचे पुरावे जोडावे लागतात. तुमच्या घराची खरेदी नुकतीच, बाजारातून झालेली असेल, तर ती किंमतही पुरावा म्हणून देता येते.